व्याह्यांना घेऊन जोग्येसा ते म्योंगडाँग

४ मे, सोमवार
आमच्या लेकीचं, हेवॉनचं लग्न अडलंय. मुलात खोट नाही. अडलंय ते जागेवर. व्याही, म्हणजे नामगुंगसाहेब, त्यांच्या चर्चच्या कमिटीवर, त्यांना पाद्री हवा. आमची ही बुद्धाच्या देवळात जाणारी. म्हणते, स्तोत्रं सुरू झाली की मी उठून जाईन. मला काहीही चालेल. फक्त हेवॉनचा हात धरून तिला आत मीच नेणार. बापाचा तेवढा मान कोण काढून घेतो?
तोडगा काढला. १६ला चौघांनी पायी फिरायचं: जोग्येसाचं देऊळ, मग म्योंगडाँगचं कॅथेड्रल, शेवटी व्याह्यांचं चर्च. चालता चालता मनं जुळतात. गाइड नको. सोलमध्ये जन्मलोय मी.
ही म्हणाली, "पार्किंगमध्ये गाडी सापडेना म्हणून टॅक्सीनं घरी आलात, ते कुठल्या शहरात?"
दुर्लक्ष केलं.

९ मे, शनिवार
आज रंगीत तालीम. ऊन फार. सोफ्यावर पडून फोनच्या नकाशावर सगळा रस्ता चाललो. अजिबात दम लागला नाही.

१३ मे, बुधवार
एकटाच जोग्येसाला. बुद्धजयंती जवळ आली, आवारभर कंदील. कल्पना सुचली: व्याही-विहिणीच्या नावाचा एकेक कंदील आधीच टांगून ठेवायचा. लाल-पिवळे भडक वाटले. बाजूला पांढऱ्यांची रांग होती, शांत, खानदानी. तेच घेतले. पैसे भरायच्या खिडकीवरच्या बाईंनी नावं लिहिली, माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "मन घट्ट ठेवा." यांचीही मुलगी लग्नाची असणार.
हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

१६ मे, शनिवार, सकाळ
पूर्ण तयारीत: डोंगर चढायचं जाकीट, दोन काठ्या, पाठपिशवीत काकड्या. विहीणबाई साध्या बुटांत. म्हणाल्या, "व्याहीबुवा, वाटेत शिखर लागतं का?" नवख्या आहेत.

१६ मे, संध्याकाळ
कंदील दाखवले. विहीणबाईंनी स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. हिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "अहो, पांढरे मेलेल्यांसाठी असतात."
मला कोणी कधी सांगितलंय?
व्याह्यांनी मान वर करून स्वतःचा कंदील शोधून काढला. मग म्हणाले, "आमच्याकडे निदान आधी मरावं तरी लागतं."
विषय बदलावा म्हणून झपझप पुढे निघालो. शॉर्टकट घेतला. डुकराच्या सूपवाल्यांच्या गल्लीत मागे वळून पाहिलं, तर कोणी नाही. हिला फोन लावला. कॅथेड्रल बघून झालं होतं, तिघं नूडल्स खात होती. विहीणबाईंनी फोन ओढून घेतला. "आम्ही कैलासवासी मंडळी जेवतोय हो. तुमचं चालू द्या." मागे ही खिदळत होती. लग्नानंतर एवढी कधी हसलेली आठवत नाही.
नूडल्स संपेपर्यंत ठरलंसुद्धा: साधा हॉल, ना पाद्री ना भिक्षू. म्हणजे माझी योजना शंभर टक्के यशस्वी. श्रेय कोणी दिलं नाही.

१७ मे, रविवार
हेवॉनचा फोन. रागावली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "बाबा, आम्ही दोघंच हात धरून आत येणार. हल्ली असंच करतात."
विचारलं, कालच्यामुळे का?
"त्या हॉलच्या इमारतीत एका वेळी चार लग्नं असतात, बाबा. सासूबाई म्हणतात, तुम्ही मला भलत्याच लग्नात नेऊन उभी कराल."
म्हटलं, मलाही हेच सुचवायचं होतं.
दुपारी ही विहीणबाईंबरोबर फिरायला गेली. घरात मी एकटा. खिडकीपासून फ्रिजपर्यंत, कोपर जरा बाहेर काढून, हळूहळू चालून पाहिलं. वळण एकही नाही.
जमतं की.