एक्कावन्न मिलिमीटर

३ ऑक्टोबर, सोमवार

बारा कार्डं. त्यातल्या नऊंवर ‘मोठी हवी’ची खूण!

हव्यास आहे नुसता. टीव्ही मोठा, गाडी मोठी, आता फोनची स्क्रीनही मोठी. एवढीच हौस असेल तर टीव्हीच खांद्यावर टाकून फिरा म्हणावं!

ही कार्डं आमच्या फोनच्या खोक्यातच घातलेली असतात. गिऱ्हाइकाने भरून टपालपेटीत टाकायची. नाव लिहायचं नाही. जिल्हा, वय, आणि पहिलाच प्रश्न — स्क्रीन लहान हवी, आहे तशी ठीक, की मोठी हवी? कार्डाच्या कडेला मोजपट्टी छापली आहे. तिच्यावर अंगठा ठेवायचा आणि लांबी लिहायची. ही कल्पना माझी. फारसं कोणी भरत नाही, ती गोष्ट वेगळी.

आमच्या कचेरीतल्या योनेकुरासान दर सोमवारी गठ्ठा आणून देतात. आज म्हणाल्या, "खालचा मजकूरही वाचत जा हं, ओनुकीसान. लोक मनापासून लिहितात." वाचतो म्हणालो. कसलं वाचतो! खूण बघायची. ‘लहान’ वरच्या कप्प्यात, ‘मोठी’ खालच्या. वरचा कप्पा डिसेंबरच्या बैठकीत उघडायचा, खालच्याला किल्ली लावायची. आजच्या नऊंपैकी एकाचं अक्षर तर रेघा सोडून पार कडेला गेलेलं. दारू पिऊन लिहिलंय! असल्यांना विचारून आम्ही फोन बनवायचे!

७ ऑक्टोबर, शुक्रवार

सेगावा आज सगळ्यांसमोर म्हणाला, "ओनुकीसान, धाकट्याला अजून किती दिवस कडेवर घेऊन फिरणार?"

सगळे हसले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि माझा साहेब. कंपनीत आला तेव्हा त्याला तारांच्या जोडाला कथलाचा डाग कसा द्यायचा हे मी शिकवलं होतं. फोनचं ‘धाकटा’ हे नावही माझंच. आता तेच माझ्या अंगावर फेकतो.

पण मी मागे हटणार नाही. स्क्रीन पावणेपाच इंचांच्या आत असली की एका हाताच्या अंगठ्याने चारही कोपरे गाठता येतात. दुसऱ्या हातात छत्री असते, भाजीची पिशवी असते. माणसाला दोनच हात असतात हे या लोकांच्या गावीच नाही!

नऊ वर्षांपूर्वी कागावा जिल्ह्यातल्या आमच्या मारुगामेच्या घरी, सकाळच्या जेवणाच्या टेबलावर, मी चिझुरुचा अंगठा कॅलिपरने मोजला होता. "अहो, गुदगुल्या होतात!" म्हणत ती हात ओढून घेत होती. तीनदा मोजला. एक्कावन्न मिलिमीटर. अख्खा धाकटा त्या एक्कावन्नावर उभा आहे. कचेरीत त्या मापाला सगळे ‘वहिनींचा अंगठा’ म्हणतात. पहिला तयार नग मी तिच्याच हातात दिला होता.

१२ ऑक्टोबर

बैठकीची तयारी, सेगावाचे टोमणे, सगळं चिझुरुला सविस्तर लिहिलं. उत्तर काय? नमस्कार करणाऱ्या सशाचं चित्र.

मात्सुमोतोत कंपनीच्या एका खोलीत मला सहावं वर्ष लागलं. आईला मारुगामेच्या वृद्धाश्रमात ठेवलंय, म्हणून चिझुरु तिकडेच. पूर्वी रोज दहा-दहा ओळी यायच्या. आईने काय खाल्लं, शेजारच्या तोमिकावाबाई काय म्हणाल्या. आता फक्त ससा. माझं लग्न कोणाशी झालंय तेच कळत नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार

चिझुरुचा फोन आला. म्हणाली, "लिहिण्यापेक्षा बोलतच जा ना हो." मी म्हणालो, दिवसभर लोकांशी बोलून घसा बसतो माझा. लिहिलेलं वाचायला कितीसा वेळ लागतो?

"हो, तेही खरंच."

मग म्हणाली, पंख्यांचं काम सोडलं. बावीस वर्षं ती हातपंख्यांच्या काड्यांवर कागद चिकटवते आहे. तिच्यासारखी कड गावात कोणाला जमत नाही. का सोडलं? "कंटाळा आला." कंटाळा! मला नाही का येत? तसं बोललोही. तिने विषय बदलला. मग माझ्याकडे थंडी पडली का, ते विचारलं.

१० नोव्हेंबर

बैठकीत काही ठरत नसतं. ठरायचं ते आधीच, एकेकाच्या टेबलापाशी जाऊन ठरतं. म्हणून आठवडाभर फिरतो आहे. नऊ जणांना भेटलो. प्रत्येकासाठी भाजीच्या सारणाची गरम पोळी नेली, धाकटा हातात दिला, अंगठा फिरवायला लावला. सगळे खूश! "वा, काय बसतो हातात!" आणि शेवटी सगळ्यांचं एकच — "विचार करण्यासारखं आहे."

नऊच्या नऊ म्हणाले. जमलं!

२४ नोव्हेंबर

वरच्या कप्प्यात दोनशे बारा कार्डं. खालच्यातली मोजली नाहीत. मोजणारही नाही.

५ डिसेंबर, सोमवार

चार मिनिटं. घड्याळ लावून सांगतो, चार मिनिटांत संपवलं.

दोनशे बारा कार्डं मी टेबलावर पसरली. सेगावाने एकालाही हात लावला नाही. म्हणाला, "आणि मोठी हवी म्हणणारी?" "आहेत थोडी," मी म्हणालो. योनेकुरासान टेबलाकडे बघत राहिल्या. आकडा त्यांना तोंडपाठ आहे, पण त्यांनी मला उघडं पाडलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

मग सेगावा म्हणाला, "बायका हातात घेऊन गोड गोड म्हणतात, आणि दुकानात जाऊन मोठा घेतात. त्यांना हातात काय बसतं ते आपण विचारतो. त्यांना दिसतं किती, हे कोणी विचारलं?" कुठून पाठ करून आला होता कोण जाणे! नऊच्या नऊ माना डोलल्या. माझ्या पोळ्या खाल्लेल्या माना! सप्टेंबरातच त्याची फेरी मारून झाली होती. मी गेलो तेव्हा सगळे आधीच शब्द देऊन बसले होते. ‘विचार करण्यासारखं आहे’ म्हणजे ‘नाही’. या देशात छप्पन्न वर्षं काढून, शंभरदा स्वतः ते वाक्य वापरून, मला ते कळू नये!

धाकटा मार्चअखेर बंद.

६ डिसेंबर

चिझुरुला सगळं लिहिलं. धाकटा गेला, मी हरलो, असं लिहिलं. तसं मी कधी लिहीत नाही.

उत्तर आलं. टाळ्या वाजवणारा ससा!

बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. तो दोन्ही हात वर करून नाचत होता. सेगावाने पोटात लाथ घातली असती तर एवढं लागलं नसतं. फोन उलटा घालून ठेवला. तिला काही म्हणजे काही पडलेली नाही.

२ जानेवारी, सोमवार, मारुगामे

घरी. पांढऱ्या मिसोच्या कालवणात गोड सारणाचे मोची, तांदळाचे गोळे. आमच्याकडचे. मात्सुमोतोत सांगितलं तर लोक तोंड वाकडं करतात. पण पहिला घास घेतला आणि समजलं, ती मीठ दोनदा घालून बसली आहे. पाणी पिऊन संपवलं.

नववर्षाची पत्रंही तिने यंदा पाठवली नाहीत. दरवर्षी ऐंशी पत्रं कुंचल्याने लिहायची. रेघ संपवताना शेवट जरा वर उडवायची तिची सवय, त्यावरून नाव न वाचताच लोक तिचं पत्र ओळखायचे. का नाही पाठवली? "हल्ली सगळेच बंद करतायत हो." लाज वाटली मला. माझ्याकडच्या नातेवाइकांना काय वाटलं असेल?

आणि दुपारचा प्रकार! अंघोळीहून येतो तर चिझुरु दारात उभी, हातात तोमिकावाबाईंचा फोन. तो मोठा, ताटाएवढा. चेहऱ्याला लावून बघत होती, आणि हसत होती! किती दिवसांनी तशी हसताना पाहिली, आणि ती त्या थोराड यंत्राकडे बघून!

"शत्रूच्या गोटात का?" मी म्हणालो.

ती दचकली. फोन परत देताना तिच्या हातून निसटणारच होता. "नुसता बघत होते. बाईंच्या नातीचा फोटो होता."

तोमिकावाबाई म्हणाल्या, "अहो, यात तिला —"

"बाई, तुमचा चहा निवतोय ना घरी?" चिझुरुने त्यांना मध्येच तोडलं. असं ती कधी कोणाशी बोलत नाही.

बाई गेल्यावर मी चांगलं सुनावलं. मनगट दुखेल, सवय बिघडेल, आणि मुख्य म्हणजे ज्या दिवसांत माझं नऊ वर्षांचं काम मातीत गेलं त्याच दिवसांत निदान माझ्या घरात तरी मोठं यंत्र शिरू नये! तिने सगळं ऐकून घेतलं. मग एप्रनच्या खिशातून धाकटा काढला, दोन्ही हातांत धरला.

"तुमचाच चांगला आहे. हातात छान बसतो."

संध्याकाळभर मी पेपरात तोंड खुपसून बसलो. तिनेही समजूत घातली नाही. चहा ओतताना पेल्याबाहेर सांडला, तो पुसत बसली.

३ जानेवारी

परत मात्सुमोतो. निघताना स्टेशनवर म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं होतं." गाडी लागली होती. सांग म्हणालो. "काही नाही. मफलर नीट गुंडाळा."

हेच सांगायचं होतं?

६ फेब्रुवारी

ससा.

१७ मार्च, शुक्रवार

बदल्यांची यादी लागली. मी दुरुस्ती विभागात. लोकांचे फुटलेले मोठे फोन उघडायचे. उरलेली चार वर्षं हेच. सेगावाने वाकून नमस्कार केला. "तुमच्या अनुभवाचा तिथे फार उपयोग होईल." त्याच्याइतकाच वाकून मी आभार मानले. दात ओठ खायचे ते खोलीवर येऊन खाल्ले.

चिझुरुला कळवलं नाही. कोणता ससा येतो ते बघण्याची ताकद नाही.

२९ मार्च, बुधवार

टेबल रिकामं करतो आहे. वरच्या कप्प्यातली कार्डं योनेकुरासान घेऊन गेल्या. खालच्याची किल्ली मागितली.

"टाकून द्या," मी म्हणालो.

"टाकते. पण आधी तुम्ही वाचा." हातातलं काम खाली ठेवून त्या समोर उभ्या राहिल्या. "तीनशे चाळीस आहेत, ओनुकीसान. तीनशे चाळीस लोकांनी टेबलाशी बसून, पेन घेऊन, तुम्हाला काहीतरी सांगितलंय. दर सोमवारी मी आणून देते आणि तुम्ही खूण बघून कोंबता. मला दिसत नाही का? तुम्हाला वाटतं हे सगळे तुमचे शत्रू. मी बैठकीत गप्प बसले, त्याची परतफेड म्हणून वाचा."

तिशीची पोर मला अक्कल शिकवते! पण कप्पा उघडला. वाचतो म्हणालो. या वेळी खरंच वाचावी लागणार. ती मोजून परत घेणार आहे.

३० मार्च

पहिल्या गठ्ठ्यातच. कडेला गेलेलं ते अक्षर. रेघ संपताना शेवट वर उडवलेला.

जिल्हा — कागावा. वय — ५३. मोजपट्टी भरली आहे. अंगठा — ५१ मि.मी.

"हातात फार छान बसतो. पण वर्षभर झालं, डोळ्यांना मधलं दिसेनासं झालं आहे. अक्षरं लागत नाहीत, चित्रंही अंदाजाने पाठवते. ज्यांनी बनवला त्यांनी फार कष्ट घेतले आहेत, म्हणून घरात बोललेले नाही. मोठा निघाला तर कळवावे."

टपालाचा शिक्का २९ सप्टेंबरचा. दारू पिऊन लिहिलंय असं मी म्हणालो होतो. याच वहीत.