लांडग्याच्या माळाची वाटणी

मी, केसरबाई पुंडलिक गव्हाणे, वय चौऱ्याहत्तर, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून देते. गुडघे थकले आहेत, डोकं नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मुलाचा रुसवा आहे, तो वेगळा.

१. राहतं घर मुलगा अभय याला. माझ्या आजारपणात त्याने सगळं केलं, हे इथं नोंदवते.

२. पाचोड शिवारातली विहिरीखालची काळी जमीन अभय आणि मुलगी सोनिया यांना निम्मी-निम्मी. "पोरीला कशाला?" असं दीर फकिरा म्हणाले. त्यांना विचारलेलं नव्हतं.

३. तिला लागून असलेला खडकाळ माळ नात श्रेया हिला. अभय तो सपाट करून मोसंबी लावायची म्हणतो, म्हणून कारण लिहिते.

त्या माळाच्या कपारीत लांडगे राहत. माझं लग्न नवं असताना त्यांनी आमची शेळी नेली. यजमानांनी आणि दीरांनी कपारीत धूर कोंडला. पिलं आतच मेली, जोडी निघून गेली. शेळ्या निर्धास्त झाल्या.

पुढं ससे वाढले, मग रानडुकरं. भुईमूग काढणीआधीच उकरलेला दिसू लागला. माळावरचं गवत मुळासकट उलथलं, तसे त्यात अंडी घालणारे तितरही गेले. एका सकाळी बाजरीत डुकरीण अंगावर आली आणि तिने यजमानांची मांडी फाडली. ते कायमचे लंगडे झाले. खाटेवरून म्हणाले, "केसर, डुकराची पिलं कोण खात व्हतं, हे आपण इचारलंच नाय."

बऱ्याच वर्षांनी लांडग्यांची एक जोडी त्याच कपारीत आली. दीर माणसं घेऊन धूर द्यायला निघाले. यजमान काठी टेकत पुढं गेले आणि कपारीच्या तोंडाशी बसले.

"दादा, ऊठ. तुझ्याच शेळ्या खातील."

"खातील एखादी. त्यांच्या हगणात डुकराचं केस हायेत, म्या पाह्यलं. आधी मला उचलून बाजूला ठेव, मग लाव धूर."

दीरांनी थोरल्या भावाला हात लावला नाही. त्यानंतर ते यजमानांशी बोलले नाहीत, त्यांच्या मयतीलाही आले नाहीत. हे मी माफ केलेलं नाही.

डुकरं संपली नाहीत, पण पिलं घेऊन उघड्यावर यायला बिचकू लागली. भुईमूग पुन्हा घरात आला.

४. माळ नांगरू नये, विकू नये. वकीलसाहेब म्हणतात, ही अट कोर्टात टिकेलच असं नाही. तरी लिहा म्हटलं. श्रेया, टिकवणं तुझ्याकडे.

५. बँकेतली ठेव कुणाच्याच वाट्याला नाही. श्रेयाने ती फक्त सांभाळावी. लांडगा राहणार आमच्या माळावर आणि मेंढरं जाणार शेजारच्या माऊली धनगरासारख्यांची, हा न्याय नव्हे. ज्याचं जनावर जाईल त्याला यातून भरपाई द्यावी. पंचनामा मागू नये, शब्दावर द्यावी. एखादा खोटं बोलला तरी चालेल. त्याने धूर लावला नाही, एवढं पुरे.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, ते माझ्याच मनातलं आहे.

सही : केसरबाई पुंडलिक गव्हाणे

साक्षीदार :
१. इब्राहीम पटेल, पाचोड (सही)
२. साळूबाई जाधव, गारखेडा (अंगठा)

स्थळ : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४