शिट्टी पथकाचे प्रमुख मार्गदर्शक

२७ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
सृष्टीच्या शाळेतली सातवीची मुलं गोदावरीच्या प्रदूषणावर जनजागृती करणार आहेत. चैताली मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर विचारलं, कुणी मदत करेल का. मी लगेच हो म्हटलं. दुसरं कुणीच बोललं नाही, त्यामुळे एकमताने मी प्रमुख मार्गदर्शक. (पदाचं नाव मीच सुचवलं.) अंबडला कंपनीत क्वालिटीमध्ये आयुष्य गेलं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा दांडगा अनुभव.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. उज्वलाने लक्ष्मीचा घट मांडला. पुरणपोळ्या. डाएट उद्यापासून.

२८ नोव्हेंबर, सकाळी
घट उचलला. वेणी, हार, डहाळ्या, बरंच निर्माल्य. आई म्हणाली, गोदेत सोडून ये. मी म्हटलं, घंटागाडीत देऊ, ओला कचरा आहे. आई भडकलीच. लक्ष्मीची फुलं कचऱ्यात? लय पाप हाय म्हणे. आई कळवणकडची, तिथे गिरणा नदीत सोडायचे.
मी शास्त्रीय तोडगा काढला. गॅलरीत खत करणार! झाकणाची बादली ऑनलाइन मागवली. ती येईपर्यंत सगळं एका कॅरीबॅगमध्ये. तात्पुरतं.
सृष्टीने विचारलं, बाबा, खरंच खत होतं? म्हटलं, तू बघच.

३ डिसेंबर
शाळेत मीटिंग. माझी शिट्टी योजना मंजूर. मुलांनी पुलावर उभं राहायचं. कुणी नदीत पिशवी टाकताना दिसलं की शिट्टी, आणि सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, 'काका, परत न्या!' मॅडमना जरा धाकधूक, मोठ्या माणसांवर मुलांनी कसं ओरडायचं. मी म्हटलं, मॅडम, सख्खा बाप असला तरी सोडायचं नाही. टाळ्या पडल्या.
सृष्टी पथकप्रमुख. वशिला नाही, तिचा आवाजच खणखणीत आहे. शिट्ट्या मेन रोडवरून आणल्या. तिची लाल.

५ डिसेंबर
बादली आली. पण नुसत्या बादलीने खत होत नाही. माती लागते, कुजवायला खताचं विरजण लागतं, कोरडा पाला लागतो. हे कुणी आधी सांगत नाही. दुसऱ्या गुरुवारचं निर्माल्यही त्याच पिशवीत. रविवारी बसतोच.

७ डिसेंबर, रविवार
बादलीत उज्वलाने चादरी भिजवल्या आहेत. माझा नाइलाज.

१२ डिसेंबर
गॅलरीत चिलटं. वास. आई म्हणते देव कुजतोय, उज्वला म्हणते तुमचं खत तुम्ही बघा. दोघींचं प्रथमच एकमत झालं.
सृष्टी परिपाठात बोलली. मॅडमनी व्हिडिओ पाठवला. म्हणाली, माझे बाबा नदीत एक फूलसुद्धा टाकत नाहीत, आम्ही घरी खत करतो. मान केवढी ताठ पोरीची. पुन्हा पुन्हा पाहिला. डोळ्यांत पाणी आलं. (चिलटांमुळे नाही.)
या रविवारी नक्की. काय वाट्टेल ते होवो.

१४ डिसेंबर, रविवार
थंडी फार. हात बादलीत घालवेना.

१९ डिसेंबर
काल उद्यापन झालं. आता पिशवीला खालून पाणी सुटलंय. ती दुसऱ्या पिशवीत घातली. दुहेरी संरक्षण. परवा घाटावर कार्यक्रम. भाषणाचा मुद्दा ठरला: 'सुरुवात स्वतःच्या घरापासून.'

२० डिसेंबर
विचार केला. उद्या घाटाकडे जायचंच आहे, तर पिशवीचंही बघता येईल. घाटावर निर्माल्य कलश आहे. पण मॅडम आणि मुलांसमोर मार्गदर्शकाच्या हातात गळकी प्लॅस्टिकची पिशवी? काय संस्कार होतील मुलांवर? शिवाय सृष्टीला वाटतंय बादलीत खत मुरतंय.
एकदाच, लवकर जाऊन, पुलावरून सोडून द्यावी. आईचं मनही राहील. नदीचं म्हणाल तर तिथे इतकं काही वाहतं, त्यात एका पिशवीने काय होतंय? आणि पुढच्या वर्षीपासून खतच. मुलांना पुलावर सातची वेळ दिलीये. मी साडेसहाला मोकळा.

२१ डिसेंबर, रविवार, दुपारी
कार्यक्रम उत्तम झाला. उपस्थिती चांगली. भाषण गाजलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
इथे तरी खरं लिहावं. ही वही कुणी वाचत नाही.
सृष्टी तिच्या वर्गातल्या निकिताच्या वडिलांच्या गाडीतून साडेपाचलाच गेली होती. मला वाटलं घाटावर बॅनर लावायला गेली. मी माकडटोपी घातली, आईने विणलेली, जांभळी. वर हेल्मेट. पुलाच्या जाळीला एके ठिकाणी भोक आहे, तिथे गाडी लावली. धुकं होतं. चिटपाखरू नाही. पिशवी भोकातून ढकलली.
आणि शिट्टी वाजली. मागोमाग एका सुरात, 'काका, परत न्या!'
पोरं पुलाच्या टोकाला, टपरीच्या आडोशाला उभी होती. नंतर कळलं, पथकप्रमुखांनी सहालाच बोलावलं होतं. टाकणारे उजाडायच्या आत येतात म्हणे. हे तिला मीच सांगितलं होतं.
मी पळालो. स्कूटरला किक मारून अक्षरशः पळालो. आरशात दिसली ती. शिट्टी तोंडातच होती, पण वाजवत नव्हती.
टोपी डिकीत कोंबली, भांग पाडला आणि आठला घाटावर हसत हजर. म्हटलं, धुक्यात काय ओळखते? ओळखलं असतं तर 'बाबा' नसती म्हणाली?
पिशवी पाण्यात गेलीच नव्हती. पुलाखाली घाटाच्या पायरीवर अडकली होती. मुलांनी बांबूने ओढून आणली आणि टेबलावर ठेवली. मॅडम म्हणाल्या, सर, तुम्हीच उघडून मुलांना समजावून सांगा. हातमोजे दिले. मी गाठ सोडली. उज्वलाची वेणी निघाली. हार निघाले. लक्ष्मीपुढची डहाळी निघाली. माझ्याच घरचा वास माझ्याच नाकात.
मी भाषण केलं. कसं केलं देव जाणे. म्हणालो, अशा माणसाला स्वतःची लाज वाटली पाहिजे. म्हणालो, त्याच्याही घरात मुलं असतील, ती काय शिकणार? पोरांनी टाळ्या वाजवल्या. सृष्टीने नाही.
मग मॅडमनी तिला विचारलं, तू तर सगळ्यांत पुढे होतीस, माणूस पाहिलास का? निकिता मध्येच म्हणाली, हेल्मेटखाली त्याची टोपी जांभळी होती. सृष्टीने माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमना म्हणाली, तोंड झाकलेलं होतं, कुणी अनोळखी काका होते.
माझी पोरगी खोटं बोलली. सगळ्यांसमोर, माझ्यासाठी. आणि मला आधी काय वाटलं? सुटलो. हेच वाटलं. थू माझ्या जिनगानीवर.

२२ डिसेंबर
आज तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं. जेवताना आईने विचारलं, गोदेत सोडलंस का रे निर्माल्य? मी हो म्हटलं. बाकी काय म्हणणार? आई म्हणाली, लय बरं केलंस, पुण्य लागंल तुला. सृष्टी ताटावरून उठली. भूक नाही म्हणाली.
नंतर तिच्या खोलीपाशी गेलो. परीक्षा जवळ आली आहे, डिस्टर्ब नको, म्हणून परत आलो. तिची परीक्षा मार्चमध्ये आहे.

२४ डिसेंबर
बादलीत माती भरली. विरजण आणलं, कोरडा पाला आणला, थर लावले. सगळं नियमाप्रमाणे. सृष्टीला बोलावलं. आली, पाहिलं. छान आहे बाबा, म्हणाली. पाहुण्यांशी बोलावं तसं.
मॅडमचा मेसेज आला, मार्गदर्शक म्हणून शाळा माझा सत्कार करणार. वेळ नाही असं कळवायचं होतं. 'नक्की येतो' असं कळवलं गेलं.

२८ डिसेंबर, रविवार
आज पथक पुन्हा पुलावर. मी सातला तयार होऊन बसलो. सृष्टी अंथरुणातच. उठवलं तर म्हणाली, मी पथक सोडलं, आता निकिता आहे प्रमुख. का गं, विचारलं. तिने उशीखालून लाल शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, बाबा, ही वाजत नाही.
गॅलरीत जाऊन वाजवून पाहिली.
वाजते. आई स्वयंपाकघरातून ओरडली, कोण रे सकाळी सकाळी? सृष्टीने पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं.