शर्यतीकडे पाठ करून

प्रिय पिटुकले,

आता तू माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस, हाताखाली माणसं आली, तरी माझ्या पत्रात तू पिटुकलीच राहणार. फोनवर तू काळजी करू नकोस म्हणतेस आणि मला लगेच दुप्पट काळजी लागते. म्हणून प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर टाकून लिहायला बसले आहे. मी ऑफिसच्या जिन्यावरून घसरायला आणि बाबांची विमानाची तिकिटं हातात यायला एकच गाठ पडली. नाहीतर त्या परमुलखातल्या वाळवंटातल्या गाड्यांच्या शर्यतीला बाबांना मीच घेऊन जाणार होते. आता ते तुझ्या गळ्यात पडलेत. बाबा शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करायला जायचे, तेव्हा सुट्टीत मला सोबत न्यायचे आणि तू आईच्या कडेवर भोकाड पसरून मागे राहायचीस. त्यामुळे या बाबतीत तुला काडीची अक्कल नाही. रागावू नकोस, पुढचं वाच.

पहाटे तिथे दात वाजतील अशी थंडी असते आणि दुपारी अंगाची लाही होते. तेव्हा एकावर एक कपडे घाल, म्हणजे एकेक काढता येतात. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाल. तुझ्या त्या नाजूक चपला घरीच राहू देत. पाणी लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घे. तोंडाला सुती ओढणी आणि डोळ्यांना कडेनं बंद असलेला धुळीचा चष्मा दोघांनाही हवा. बाबा चष्मा लावणार नाहीत, म्हणतील आम्ही काय पहिल्यांदा आलोय? तू मुकाट्याने त्यांच्या नाकावर चढव. भाड्याची जीप वाळूत घालायच्या आधी चाकांतली हवा थोडी कमी करायची असते, ते बाबा करतील. त्यात लुडबुड करू नकोस, त्यांना तेवढाच आनंद. आणि जीप कुठे रुतली, वाट चुकली, तर जीप सोडून चालायला लागू नका. मोबाईलला तिथे रेंज नसते, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुझा फोन लागला नाही की मी इथे जिवाला घोर लावून घेणार हे तुला कळेल.

आता मुख्य गोष्ट. उभं कुठे राहायचं? तिथे कठडा नसतो, दोरी नसते, शिट्ट्या मारणारा पोलीस नसतो. गाडी ठरलेल्या वाटेनंच येईल असंही नसतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला चुकूनही उभी राहू नकोस, गाडी घसरली की तिकडेच फेकली जाते. टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर तर मुळीच नाही. गाडी टेकाडावरून उडी मारून येते आणि खाली कोण आहे हे चालवणाऱ्याला दिसतच नाही. उंचावर, आतल्या बाजूला, मागे हटायला जागा ठेवून उभी राहा. एक गाडी गेली की लोक फोटो काढायला पुढे धावतात. तू धावू नकोस. तिच्याच धुळीत दुसरी लपलेली असते. ती डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, तिथे फक्त कान कामाला येतात.

तुला आठवणार नाही, पण बाबांचं उभं राहणं मला अजून जसंच्या तसं दिसतं. सगळी माणसं माना उंच करून वाटेकडे बघत असायची आणि बाबा मात्र तोंडावर धूळ नको म्हणून शर्यतीकडे पाठ करून, थर्मासमधला चहा पीत, कुणाशी तरी गप्पा मारत असायचे. मध्येच बोलणं थांबायचं. मान जराशी तिरकी व्हायची. मग म्हणायचे, आला. आणि वळायचे. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलेलं नसायचं. मग बऱ्याच वेळानं भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा आणि गाडी टेकाडावर दिसायची. कोणती गाडी, कशात बिघाड आहे, हेही ते सांगून मोकळे व्हायचे. मला वाटायचं, आपल्या बाबांना जादू येते.

इकडची खबरबात म्हणशील तर ठीक आहे. बाबा हल्ली फारच गुणी झालेत. मी काहीही बोलले तरी हो हो, बरोबर आहे म्हणतात. जन्मभर माझ्याशी वाद घातला, आता म्हातारपणी सुबुद्धी झाली म्हणून मी खूश होते. मग एकदा स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता आणि बाबा शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होते. मला वाटलं, पेपरात गुंगलेत. मग शेजाऱ्यांनी गाडी दाखवायला आणली. बाबांनी नेहमीसारखी मान तिरकी केली नाही. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. तापलेला पत्रा, तरी हात उचलेनात. इंजिन हातानं चाचपडत होते गं. मी हे गॅलरीतून बघितलं.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. एक कान गेलाय, दुसरा चाललाय. आयुष्यभर उघड्या कानांनी इंजिनांशेजारी काढलं, त्याचं हे फळ. जवळचा मोठा आवाज येतो, लांबचा अजिबात नाही, आणि जवळचाही किती दिवस येईल ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून बाबांना आत्ताच जायचंय. ती शर्यत त्यांना बघायची नाहीये, शेवटची ऐकायची आहे. मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? तुझ्यापाशी बोलायचं नाही अशी शपथ घातलीय त्यांनी मला. लिहायचं नाही असं काही म्हणाले नाहीत. पिटुकले, सवयीनं ते तिथेही पाठ करून उभे राहतील, चहा पीत, आणि त्यांना काही ऐकू येणार नाही. तू त्यांच्याजवळ वाटेकडे तोंड करून उभी राहा. त्यांचा हात हातात घे, थंडी वाजतेय म्हण. लांबवर पहिली गुणगुण कानावर आली की हात दाब, फक्त दाब, बोलू नकोस. ते म्हणतील, आला. आणि वळतील. तेव्हा तू त्यांना विचार, बाबा, तुम्हाला इतक्या आधी कसं ऐकू आलं?

तुझीच, पाय मोडून घरी बसलेली,
ताई