सगळ्यात संथ इलेक्ट्रॉन

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. चिमीचे पुढचे दात आले का? आईचा गुडघा कुरकुरतोय, पण ऐकेल तर शपथ. तू शाळेत शिकवतोस हे तिनं शेजारणीला इतक्यांदा सांगितलंय, की ती हल्ली आई दिसली की दूध उतू जातंय म्हणून आत पळते.

मी पुन्हा आपल्या जुन्या लॅबमध्ये आहे. तीच कोपऱ्यातली खोली, तीच पंपांची घरघर. दुपारी ऊन भिंतीवरून सरकत जातं आणि काचेच्या फुग्यात ब्रोमिनची तपकिरी वाफ तरंगत राहते. बघता बघता आपण जागे आहोत की नाही तेच कळेनासं होतं. इलेक्ट्रॉनांचा वेग कमी कमी करत न्यायचा. वेगात असले तर ते रेणूजवळून सरळ निघून जातात. अगदी थांबल्यासारखे झाले की चिकटतात, आणि रेणू दुभंगतो. एक अणू इलेक्ट्रॉन घेऊन निघतो, दुसरा रिकामाच. आपण मोजतो ते भरलेले.

पाच आठवडे मी तेच मोजतेय, तू सहा वर्षांपूर्वी मोजलेलं. सगळ्यात संथ इलेक्ट्रॉन इतर लॅबच्या आकड्याच्या दुप्पट रेणू फोडतात, असं तू म्हणाला होतास. दादा, दुप्पटच फोडतात. ब्रोमिन बदलून चारदा पाहिलं. इलेक्ट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर ब्रोमिनचा थर बसला की वेगाचा हिशेब सरकतो. तो थर तू हिशेबात धरला होतास, बाकीच्यांनी नाही.

पुढचं लिहिताना तीन कागद फाडले.

तू तो आकडा लॅबमध्ये मांडलास, त्या दिवशी सगळ्यांसमोर आपले सर म्हणाले, की तुझं प्रयोगाचं स्टीलचं भांडं आधी नीट तापवून कोरडं केलेलंच नव्हतं, आतल्या ओलीमुळे आकडा फुगला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं, तापवलं होतंस ना?" मी म्हटलं, "नक्की आठवत नाही, सर."

मला आठवत होतं. दोन दिवस मी स्वतः तापवलं होतं, बोटं भाजली होती. पण सरांना खोटं पाडायची हिंमत झाली नाही. माझी जागा त्यांच्या हातात होती. आणि खरं सांगायचं तर, घरीदारी सगळे तुलाच हुशार म्हणायचे. त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात तू सामान बांधलंस.

परवा सरांच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. ते उठून चष्मा शोधू लागले. मग म्हणाले, "आकडे आणलेस?" चष्मा लावून पाहिले. "लेखावर त्याचं नाव पहिलं घाल."

लेख तयार आहे. सोबत आलेख जोडलाय. तू हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. रागावलास तरी उत्तर लिही.

तुझी धाकटी

२६ फेब्रुवारी

छोटे,

चिमीला एकच दात आलाय, पण तोरा बत्तीस आल्याचा.

तुझं पत्र दहा दिवस खिशात घेऊन फिरलो. भांडं तापवल्याची नोंद लॅबच्या वहीत होती, तुझ्या सहीची. त्याच दुपारी मी ती पाहिली. सरांपुढे ठेवली असती तर तुझी जागा गेली असती, म्हणून वही मिटली. तुझ्या वहिनीलाही हे ठाऊक नाही. मोठेपणा म्हणून लिहीत नाही. सहा वर्षं मी तुझ्यावर रागावून होतो आणि तुला कळूही दिलं नाही. सगळा राग अजून गेलेला नाही.

शाळा मला आवडते, ती सोडणार नाही. पण काल मधल्या सुट्टीत तुझा आलेख उघडला आणि घंटा झालेली कळलीच नाही. मुलं शोधत आली.

नाव घाल. पहिलं घाल, लाजणार नाही.

सुट्टीत घरी येतोय. आईला सांगू नकोस, मीच सांगेन.

अजून थोडा रागावलेला, पण तुझाच

दादा