हरसूलचे घर, नव्या मास्तरांसाठी

मी, भागीबाई सावळीराम दोंदे, वय एकसष्ट, अविवाहित, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार हरसूल, जिल्हा नाशिक, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. नोकरीत साहेब लोकांनी तपासले तेव्हा निष्कर्ष वेगळा निघाला होता. तो येथे जोडलेला नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर त्याच्यावर मी भाषण केले असते.

१. हरसूल येथील दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. मी येथे रुजू झाले तेव्हा एक घरमालक दारातच म्हणाले, "खोली हाय बाई, पन तुमच्यासाठी नाय." निदान खरे बोलले. तो पावसाळा मी शाळेच्या वर्गात झोपून काढला आणि ठरवले, नव्या शिक्षकाला जात न विचारता उघडणारे एक तरी दार या गावात असेल. तेव्हापासून मागच्या खोलीत नवे शिक्षक राहत आले. सरकार त्यांना नेमणूकपत्र देते आणि निवृत्तीला नारळ देते. मधल्या काळात जवळ बसणारे माणूस कोणी द्यायचे, याचे परिपत्रक अजून निघालेले नाही.

२. माझे मोठे पितळी पातेले तपासणी करणाऱ्या कार्यालयास द्यावे. साहेब शाळा बघायला आले की सर्वांत नव्या शिक्षकाने कोंबडी शिजवायची, अशी रीत होती. मी त्या नव्या मास्तरांना वर्गात पाठवले आणि साहेबांना नागलीची भाकर व पिठले वाढले. शेरा आला: "मुख्याध्यापिका उद्धट." पातेल्यात कोंबडी कधीच शिजली नाही, त्यामुळे ते नव्यासारखे आहे.

३. माझा भाचा झुंबर यास माझी सर्व पुस्तके. तो दर बाजारच्या दिवशी येतो, "आत्या, बरी हाय ना?" विचारतो आणि पुढची भिंत पावलांनी मोजतो. त्याला तिथे खताचे दुकान टाकायचे आहे. पुस्तके तो विकेल हे मी जाणते. रद्दीवाल्याकडे नेताना तरी ती त्याच्या हाताला लागतील.

४. घर मी कु. लता खंडेराव बोरस्ते हिला देते. लता निफाडकडच्या शेतकरी घरातली, गेल्या जूनपासून येथे शिक्षिका, माझ्या मागच्या खोलीत राहते. तिला पोहोचवायला आलेल्या वडिलांनी विचारले, "बाई, तुम्ही कोनाच्या?" मी म्हटले, "शाळेच्या." लताने आपला पाण्याचा माठ वेगळा ठेवला. मी गप्प राहिले. माझी भाषणे ऐकलेल्यांना हे पटणार नाही. पुढे तिला हिवताप आला. मी पाजले ते पाणी कोणत्या माठातले, हे बघण्याच्या अवस्थेत ती नव्हती. बरी झाल्यावर तिने विचारले नाही, मीही सांगितले नाही.

एकदा रडत आली. "बाई, पोरं माझ्याकडे नुसती बघतात. बोलतच नाहीत."

"तू काय विचारतेस?"

"धडा."

"धड्याशी त्यांची ओळख आहे का? आधी शेळ्यांचं विचार."

दुसऱ्या दिवशी वर्गात इतका गोंगाट झाला की शेजारचे मास्तर तक्रार घेऊन आले. तिला एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती.

५. आता अडचण. लताने नाशिक शहरात बदलीसाठी अर्ज भरला आहे. तो अजून तिच्या पिशवीत आहे. घर सांभाळायला इथेच राहणारे माणूस हवे. दूर राहून कळवळणाऱ्यांची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, केलीही आहेत. तरी येथेच राहा, अशी अट मी घालत नाही. अटी घालायला खाते समर्थ आहे. वकील म्हणतात, ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचे मिळणे रद्द होते. म्हणून दुसऱ्या साक्षीची जागा मी तिच्यासाठीच मोकळी ठेवते. तिने सही केली तर ती मोकळी झाली. मग घर झुंबरला जावे, आणि नव्या मास्तरांनी खताच्या पोत्यांवर झोपावे.

६. वरील मजकूर लताला वाचून दाखवला. तेव्हा जे झाले ते माझ्याच हाताने पुढे लिहीत आहे. मी पेन पुढे केले. तिने घेतले नाही.

"सही नाही करणार मी."

"आणि अर्ज?"

"त्याचं मी बघते. पण बाई, हे कलम चुकलंय."

"वकिलानं तपासलंय."

"वकिलाला काय माहीत? जूनमध्ये दोघं नवे येणार आहेत. तुम्ही मरेपर्यंत त्यांनी झोपायचं कुठं?"

आयुष्यभर सभा गाजवल्या. या वेळी पुढे केलेले पेन माझ्याकडेच वळवले. सबब, पुढची खोली मी हयातीतच, जूनपूर्वी, रिकामी करून देत आहे. माझी खाट मागच्या खोलीत लताच्या खाटेशेजारी लागेल. ती म्हणते, मी घोरते. हे कलम वादग्रस्त समजावे.

मुक्काम हरसूल, दिनांक ८ एप्रिल १९८४

सही: भागीबाई सावळीराम दोंदे

साक्षीदार:
१. सहादू भिमाजी गावित, शेजारी
२. गोजराबाई सहादू गावित, चुलीपुढून उठून आल्या. लताने हाताला धरून आणले