थुंकायची, गिळायची नाही

९ जानेवारी, शुक्रवार

आणली! लातूरला जाऊन, तोंडाला स्कार्फ बांधून. दुकानदाराला म्हटलं, लाल वाइन, स्वस्तातली. तो बघतच राहिला. चाकूर येईपर्यंत एसटीत पर्स मांडीवर आणि जीव मुठीत.

माझी मैत्रीण वर्षाराणी, तिच्या ओळखीनं नाशिकच्या वायनरीत मुलाखत आहे. गुरुवारी, व्हिडिओवर. पाहुण्यांना वाइनची चव समजावून सांगायचं काम. ती म्हणाली, "रोज घोटभर तोंडात फिरव अन् थुंक. गिळायची न्हाई!" तीन वर्षं घरी बसून आहे. ही नोकरी मला हवीच.

पण आमचं घर! सोळा वर्षांपूर्वी बाबांनी विहारात सगळ्यांसमोर पंचशील घेऊन दारू सोडली. त्याआधी आई रोज दारातच त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. मग ठरायचं — जेवायचं की शेजारी पळायचं.

बाटली ज्वारीच्या कोठीत खोल खुपसली.

१० जानेवारी

बाबा शाळेत गेले (शिपाई आहेत), तेव्हा पहिला घोट. स्टीलच्या पेल्यात. आंबटगोड, मग जीभ एकदम कोरडी. वर्षाराणी म्हणते प्लम, चेरी. चेरी मी केकवरची सोडून खाल्लेली नाही! मला लागलं जांभूळ. झाडाखाली पडून फुटलेलं. मोरीत थुंकले, वर दोन तांबे पाणी.

११ जानेवारी

बाबा — "वास कशाचा येऊन राहिला गं?"

"जांभळाचा शिरका. शेजारच्या काकूंच्या शुगरसाठी."

"हाव का," म्हणाले. थापा मारायला मला कधी यायला लागलं?

१२ जानेवारी

कोठीत ज्वारी कमी! आई गेल्यापासून दळण बाबाच नेतात — मी विसरलेच कशी? बाटली आहे, पण दुसऱ्या कोपऱ्यात. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१३ जानेवारी

बाटली अर्ध्याच्या खाली गेलीय. मी चार घोटांवर घेतलेली नाही. उडून जाते का, वर्षाराणीला विचारलं. ती हसली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना बाबांचा हात थरथरला. थंडी असेल. आत्ताच ओतून टाकावी का? पण मुलाखत उद्या आहे! एकच दिवस. फक्त एकच.

१५ जानेवारी

तळाला उरलेल्या दोन घोटांवर मुलाखत दिली. म्हटलं, आधी जांभूळ, मागून नव्या माठाचा वास. मॅडम खूश. "नाक चांगलं आहे तुमचं." घेतलं मला! फेब्रुवारीपासून नाशिक!

उरलेला घोट लगेच मोरीत ओतला. बाटली गावाबाहेर फेकून आले. आता घरात काही नाही. तरी झोप येत नाही.

१७ जानेवारी

बाबा घरी आले. मी पेढा घेऊन पुढे झाले आणि दारातच त्यांच्या तोंडाचा वास घेतला, आई घ्यायची तसा.

जांभूळ. भर जानेवारीत. आणि आमची बाटली मी परवाच रिकामी केली होती.